दादाच्या सोप्या वाटा

माझा मोठा भाऊ डोंगर चढणारा माणूस होता. आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायचो तेव्हा, म्हणजे नव्वद सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, रविवार उजाडला की दादा घरात सापडायचा नाही. माहुलीच्या किल्ल्यावर तो इतक्यांदा गेला होता की तिथली माकडं त्याला ओळखतात असं आई म्हणायची. कधी एसटीने धसईला जाऊन पुढे गोरखगडाचा सुळका चढून यायचा. संध्याकाळी गुडघे सोलवटलेले, शर्टाला काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा मात्र धुऊन काढल्यासारखा प्रसन्न. आठवडाभर कमी बोलणारा दादा त्या संध्याकाळी जेवताना बोलत सुटायचा.

आमचे वडील धरणावर नोकरीला असतानाच गेले. त्यांच्या जागी दादाला घेतलं. धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या टोळीत तो मदतनीस होता. मी शहापूरला कॉलेजात जायची. घरात आई, दादा आणि मी, तिघंच.

वसाहतीच्या आसपास सोप्या वाटाही होत्या. एक कालव्याच्या कडेने जायची, सरळ, झाडांच्या सावलीतून. एक सागाच्या जंगलातून देवीच्या ठाण्यापर्यंत जायची. तिसरी बेटाची. धरण भरलं तेव्हा एका बुडालेल्या गावामागची टेकडी तेवढी वर राहिली होती, तिला सगळे बेट म्हणायचे. पावसाळ्यापासून पुढे कितीतरी महिने ती चारी बाजूंनी पाण्यात असायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मातीचा एक लांबट दांडा उघडा पडायचा आणि त्यावरून पायी बेटावर जाता यायचं. वसाहतीतल्या बायका मुलांना घेऊन तिथे करवंदं खायला जायच्या. दादा या वाटांना म्हाताऱ्यांच्या वाटा म्हणायचा. मी चल म्हटलं तरी तो यायचा नाही. ज्या वाटेवर हात टेकावे लागत नाहीत ती वाट कसली, असं त्याचं म्हणणं.

एका हिवाळ्यात तो माहुलीवरून कपाळ फोडून घेऊन आला. कड्यावर काही झालं नव्हतं. डोंगर उतरून गावाजवळच्या सपाट शेतात आल्यावर, तिन्हीसांजेला, बांधाला अडखळून तो तोंडावर पडला होता. आम्ही हसलो. तोही हसला. मग शेजाऱ्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेत त्याचा गळा अडकला. आईने बाजूने ताट पुढे केलं तर तो घेईना. ताट आहे हे त्याला कळतच नव्हतं. संध्याकाळी कामावरून येताना तो भिंतीला हात लावत यायला लागला, तेव्हा वसाहतीत कुजबुज सुरू झाली की हा प्यायला लागलाय. आईलाही तेच वाटलं. तिने एक दिवस त्याला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. त्याने मुकाट्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. तो येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला.

"बाय, संध्याकाळचं मला दिसत नाय," तो म्हणाला. "आणि दिवसा समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाय."

हे किती दिवसांपासून असं मी विचारलं. माझ्या हातातली राख घेऊन तो स्वतःच एक पातेलं घासायला लागला.

कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. तपासणीला सगळी सकाळ गेली. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडून अंधार आत येत जाईल, आता नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, हळूहळू ती नळी आणखी बारीक होईल. औषध नाही, ऑपरेशन नाही. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं की आईवडील नात्यातले आहेत का. आई माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. तिने हो म्हटलं. नात्यात लग्न झालं की हा आजार मुलांत उतरण्याची शक्यता वाढते, असं काहीतरी डॉक्टर म्हणाले. तसं होतंच असं नाही, हेही म्हणाले. पण आईने पुढचं ऐकलंच नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. खिडकीची काच उघडी होती, धूळ तोंडावर येत होती. मी दोनदा सांगितलं तरी तिने काच लावली नाही.

डॉक्टरांनी माझेही डोळे बघितले होते. ते चांगले निघाले. तरीही पुढे कितीतरी वर्षं दिवस मावळायला लागला की मी अंगणात जाऊन लांबच्या झाडाची पानं दिसतात का ते बघायची. दिसायची. मग आत येऊन दिवा लावायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दादाने डोंगर सोडले. त्याचा दोर शेजाऱ्यांनी गाय बांधायला मागितला, त्याने देऊन टाकला. सुट्टीच्या दिवशी तो खाटेवर पडून राहायचा, छताकडे बघत. नोकरीवर कुणाला कळू द्यायचं नाही असं आईने ठरवलं होतं, कारण डोळे गेलेल्या माणसाला यंत्रांजवळ कोण ठेवेल. काम त्याच्या हाताला बसलेलं होतं, म्हणून चालून गेलं. जिना कुठे वळतो, हातोडा कुठे टांगलाय, सगळं पाठ. पण दर संध्याकाळी तो घरी येईपर्यंत आई दारातून हलायची नाही.

असा पावसाळा गेला. एका रविवारी सकाळी तो उठला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, "चल, म्हाताऱ्यांच्या वाटेने जाऊ."

आम्ही कालव्याच्या वाटेने गेलो. मी पुढे, तो मागे. काही अडथळा आला की मी नुसता शब्द टाकायचा, एवढंच ठरलं. दगड. खड्डा. उजवीकडे फांदी. मी सुरुवातीला इतकं बोलायची की तो वैतागायचा. हळूहळू मला अंदाज आला. त्याला पायाखालची वाट दिसायची नाही, पण पलीकडच्या तारेवर बसलेला खंड्या मी दाखवला तर तो त्याला स्वच्छ दिसायचा. मग तो तिथेच थांबायचा आणि तो पक्षी उडून जाईपर्यंत बघत राहायचा. उडाला की संपलं. उडालेला पक्षी त्याला पुन्हा सापडायचा नाही. पूर्वी दिवसभरात डोंगर पालथा घालणारा माणूस आता एका पळसाच्या झाडासमोर माझे पाय दुखेपर्यंत उभा राहायचा. मी कधी घाई केली नाही. तो काय करतोय ते मला कळत होतं.

त्याच सुमाराला आईने त्याच्या लग्नाचं काढलं. मुरबाडकडची मुलगी होती, शेतकऱ्याची, शिकलेली, दिसायला शांत. तिच्याकडच्यांना सरकारी नोकरी, क्वार्टर, लहान कुटुंब, सगळं पसंत पडलं. डोळ्यांचं आई बोलली नाही. दादा तिच्याशी एका अक्षराने भांडला नाही, पण धरण दाखवतो असं सांगून त्याने एका रविवारी मुलीला आणि तिच्या वहिनीला बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर आम्ही चौघं कालव्याच्या वाटेने निघालो. वहिनी पायात काटा मोडला म्हणून मागे पुलावर बसली. दादा आणि ती मुलगी पुढे चालत राहिले, मी त्यांच्या दोन पावलं मागे.

दादा थांबला आणि म्हणाला, "मला दिवसेंदिवस कमी दिसतंय. पुढं काहीच दिसनार नाय. तुमाला घरच्यांनी सांगितलं नाय, म्हणून मी सांगतो."

ती कालव्याच्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी भरून वाहत होतं. मला वाटलं ती रडेल किंवा पाठ फिरवून वहिनीकडे जाईल. तिने विचारलं, "नोकरीवर ठाऊक हाय?"

दादाने मान हलवली, नाही म्हणून.

"मग मी पन कुनाला सांगनार नाय. पत्रिका जुळत नाय असं घरी सांगेन." मग ती म्हणाली, "माझी आय मी लहान असल्यापासून अंथरुणावर हाय. तिचं सगळं मीच करते. पुन्हा तसंच घर माझ्याच्यानं नाय होनार. राग मानू नका."

दादाने राग नाही असं सांगितलं. तिचे आभारही मानले, अगदी परक्या माणसाचे मानावेत तसे. आम्ही परत फिरलो. परतताना ती पुढे होती. एका ठिकाणी वाटेत दगड वर आला होता. ती मागे न बघता हळूच म्हणाली, "दगड हाय." दादाने पाय उचलून टाकला. तेवढ्या एका वाक्याने मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येणार नाही.

पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. आईने दुसरी स्थळं बघायला सुरुवात केली. दादाने तिला सांगितलं की आता पुन्हा नको. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

पुढच्या मे महिन्यात पाणी बरंच खाली गेलं आणि बेटाचा दांडा उघडा पडला. त्याला बेटावर जायचं होतं. इतकी वर्षं इथे राहून त्याने ते कधी बघितलं नव्हतं. आम्ही सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. दांड्यावरची वाट माणसांच्या आणि गुरांच्या चालण्याने घट्ट झालेली होती, लहान पोरानेही जावं अशी. दोन्ही बाजूंना मात्र उतरलेल्या पाण्याने सोडलेला गाळ. वरून वाळून भेगा पडलेला, आत ओला. बेटावर आंब्याची जुनी झाडं होती, घरांची जोती होती, एका जात्याची खालची तळी मातीत रुतलेली होती. जवळच्या वाडीवरचं एक जोडपं पाण्याच्या कडेला जाळं धूत बसलं होतं. आम्ही झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. दादा त्या जोत्यांवरून हात फिरवत होता. कुणाच्या तरी घराची ओटी, तो म्हणाला.

परत निघताना त्याने मला मागे राहायला सांगितलं. वाट सरळ आहे, मला समोरचं दिसतं, आज मी पुढे चालतो, म्हणाला. त्याने असं काही मागितल्याला फार दिवस झाले होते. मी मागे राहिले. तो खरंच चांगला चालला, हात सैल सोडून, पूर्वी चालायचा तसा. मध्यावर वाट थोडी वळत होती. मी "डावीकडे" म्हटलं तोवर तो सरळ गेलेला होता. वरची पापुद्र्यासारखी माती मोडली आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय काढायला जोर लावला तसा मांड्यांपर्यंत.

मी धावले तर त्याने तिथूनच मला थांबवलं. पुढे येऊ नकोस, हाक मार. त्याचा आवाज स्थिर होता. बेटाकडे तोंड करून मी हाका मारल्या. जाळं टाकून ते दोघं पळत आले. माणूस अर्ध्या वाटेतून माघारी फिरला आणि कोयत्याने आंब्याच्या फांद्या तोडून घेऊन आला. बाई दांड्याच्या कडेला पोटावर आडवी झाली.

"हलू नको, दादा," ती म्हणाली. "छातीवर आडवा हो. फांदीवर भार टाक."

फांद्या टाकून टाकून, त्याला आडवा करून, त्या दोघांनी आणि मी मिळून त्याला इंचाइंचाने ओढून काढलं. त्याची एक चप्पल आत राहिली. कमरेखाली सगळा काळा चिखल. बाईने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि तिथेच वाटेवर बसवलं. ती त्याच्याकडे निरखून बघत होती. एवढी मोठी वाट सोडून हा गाळात कसा गेला हे तिला कळत नव्हतं.

"तुला दिसत नाय का रे?" तिने विचारलं.

"नाय," दादा म्हणाला. "मला दिसत नाय."

घराबाहेरच्या माणसासमोर तो हे लपवूनच आला होता; फक्त त्या मुलीला सांगितलं होतं, तेही जीव मुठीत धरून. आज विचारलं तसं त्याने सांगून टाकलं. तिच्या नवऱ्याने दादाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दांडा संपेपर्यंत सोबत आला.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः साहेबांकडे गेला. साहेब भला माणूस होता. त्याने दादाला यंत्रांवरून काढून ऑफिसातल्या फोनवर बसवलं. नोकरी टिकली. आईने इतक्या दिवसांची धास्ती सोडली आणि त्याच दिवशी जी खाली बसली ती नीट उठलीच नाही असं मला वाटतं. कारण आता वसाहतीत सगळ्यांना कळलं होतं. नळावर आम्ही गेलो की बायका आवाज खाली आणायच्या. जे पूर्वी त्याला बेवडा म्हणायचे ते आता हात धरून रस्ता ओलांडून द्यायचे, रस्ता रिकामा असला तरी. दादा सगळ्यांना बरं म्हणायचा. घरी आला की हात साबणाने धुवायचा.

माझं लग्न मुरबाडला ठरलं तेव्हा मी सासरच्यांना आमच्या घरातला आजार आधीच सांगितला. माझ्या नवऱ्याने ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. दादाला हे मी सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. मुलगा झाल्यावर तो रांगायला लागेपर्यंत मी संध्याकाळी त्याच्यासमोर खुळखुळा हलवून बघायची. तोही व्यवस्थित निघाला.

आई दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांत गेली. शेवटच्या आजारपणात ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की तिला आत्याच्या मुलाशी लग्न करायचं नव्हतं, तिच्या बापाने ते लावून दिलं. दादा तिच्या उशाशी बसून सांगायचा की माझ्या मनात तसं काही नाय. तिने त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

तोपर्यंत दादाची नजर पूर्ण गेली होती. मी महिन्यातून एखादा रविवार काढून मुरबाडहून यायची आणि आम्ही त्याच वाटांवर जायचो. आता तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. वसाहत रिकामी होत चालली होती. कितीतरी क्वार्टरांना कुलपं, अंगणात कमरेएवढं गवत. कालव्याच्या वाटेवर लोखंडी पाटी लावून तिला निसर्गवाट असं नाव दिलं होतं, बसायला सिमेंटची बाकडी केली होती. शहरातले लोक गाडीने यायचे, थोडं चालून फोटो काढून जायचे. मी दादाला जे दिसेल ते सांगत राहायची. पाणी किती आहे, पळस फुललाय का, बेटाचा किती भाग वर आहे. तो मधूनमधून विचारायचा, मी सांगायची. तेच आमचं चालणं झालं होतं.

पावसाळा नुकताच संपला होता आणि हवा धुतलेली होती, अशा एका सकाळी आम्ही बाकड्यांच्या पुढे गेलो होतो. मी त्याला सांगितलं की आज माहुली अगदी जवळ आल्यासारखा दिसतोय, सुळकेसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तो थांबला. त्याचा हात माझ्या खांद्यावरच होता.

"मला आता तो आठवत नाय," तो म्हणाला.

मला वाटलं वाट आठवत नाही म्हणतोय. मी म्हटलं, तूच तर सगळ्या वाटा पाठ केलेल्या.

"वाट नाय. तो दिसायचा कसा ते. आधी डोळे मिटले की सगळं समोर यायचं. माहुली, आय, हा कालवा, तू. आता तू बोलतेस तेव्हा शब्द ऐकू येतात नुसते. त्यातून काही दिसत नाय."

मी विचारलं, माझा चेहरा?

"लहान होतीस तेव्हाचा थोडा थोडा," तो म्हणाला.

मग त्याने परत जाऊया म्हटलं. घरी येईपर्यंत मी काही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्यानंतर तो पुन्हा चालायला आला नाही. मी दोनतीन रविवार विचारलं. पाय दुखतात म्हणाला, ऊन आहे म्हणाला. मग मी विचारायचं सोडलं.

पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि शहापूरच्या एसटी स्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली. मी मुरबाडला ये म्हणून फार सांगितलं, नवऱ्यानेही सांगितलं. तो ऐकेना. वसाहतीतली शांतता त्याला सोसवत नव्हती, आणि कुणाच्या घरात नवी दारं, नवे कोपरे शिकायची त्याची तयारी नव्हती. इथे सकाळपासून गाड्यांचे आवाज, कंडक्टरांच्या आरोळ्या, चहाच्या टपरीवरची भांडणं. तेवढं त्याला पुरतं असं तो म्हणतो. खानावळीतून डबा येतो. मी जाते तेव्हा त्याचे कपडे धुते, नखं कापते, घरच्या गोष्टी सांगते. पोराच्या शाळेचं तो आवर्जून विचारतो.

निघताना तो दारापर्यंत येतो आणि चौकटीला हात लावून थांबतो. पायरी उतरत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन मी वळून बघते, तेव्हा तो तसाच उभा असतो. मी ज्या बाजूने गेले तिकडे त्याचं तोंड नसतं.